नवे यंत्र आणि हमीपत्र

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी संतवाङ्मय, नाट्यपरंपरा किंवा महाराष्ट्राचा इतिहास अशा एखाद्या विषयावर बोलावे, हे रीतीला धरून झाले असते. परंतु कार्यवाहांनी मला विषयाचे स्वातंत्र्य दिले, आणि त्या स्वातंत्र्याचा थोडा गैरफायदा घेऊन मी आपल्यासमोर एक रूक्ष विषय ठेवीत आहे. नवे यंत्र विकत घेतले, ते बिघडले आणि विकणाऱ्याने हात वर केले, तर सामान्य माणसाने काय करावे? मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्राशी माझा संबंध नाही. मात्र तीसएक वर्षांच्या शासकीय सेवेत खरेदीच्या फायली पुष्कळ हाताळल्या, आणि कागद यंत्राला कधी तारतो व कधी बुडवितो हे जवळून पाहिले. त्या अनुभवाच्या आधाराने चार शब्द सांगण्याचे धाडस करीत आहे.

उदाहरण घेतो ते पाण्यातले. आपण दिल्लीकर समुद्राला पारखे झालेलो. आपली यमुना तर वर्षाचे नऊ-दहा महिने पाण्याची आठवण म्हणूनच वाहते. तरीही जुलै २०२३ मध्ये जुन्या लोहपुलापाशी तिने २०८.६६ मीटरची पातळी गाठली, तेव्हा ह्याच महानगरातील वस्त्यांमधून माणसे नावेत बसवून बाहेर काढावी लागली. नाव ही चैनीची वस्तू नव्हे, आणि तिचे इंजिन वेळेवर सुरू होणे हा काही जणांच्या बाबतीत जिवाचा प्रश्न असतो, हे त्या दिवसांनी आपल्याला दाखविले.

माझा एक भाचा मालवणच्या किनाऱ्यावर राहतो. पर्यटकांना समुद्रात फिरवून आणणे हा त्याचा व्यवसाय. जुनी नाव विकून आणि बँकेचे कर्ज काढून त्याने एक नवी जेट बोट घेतली. नाव कोणाची व विक्रेता कोण, हे येथे सांगण्याचे कारण नाही. प्रकरण अंशतः न्यायप्रविष्ट आहे, आणि माझ्या म्हणण्याचा रोख कोणा एका व्यापाऱ्यावर नाही.

जेट बोट म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. साध्या यांत्रिक नावेला मागे पाण्यात फिरणारा पंखा असतो. जेट बोटीला तो बाहेर नसतो. नावेच्या तळाशी जाळी बसविलेले एक तोंड असते. त्यातून पाणी आत ओढले जाते, आतला पंखा त्याला वेग देतो आणि मागच्या अरुंद तोंडातून ते झोताने बाहेर फेकले जाते. त्या झोताच्या प्रतिक्रियेने नाव पुढे जाते. सुकाणूही वेगळे नसते. झोत डावीउजवीकडे वळविला की नाव वळते. ही रचना उथळ पाण्याला फार सोयीची. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी आपल्या प्रदेशातील उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी १९५४ च्या सुमारास ती यशस्वी करून दाखविली.

भारताचा आणि ह्या नावेचा संबंध जुना आहे. १९७७ साली एव्हरेस्टवीर सर एडमंड हिलरी यांनी गंगेच्या मुखापासून प्रवाहाविरुद्ध हिमालयाकडे जाण्याची मोहीम काढली, ती तीन जेट बोटींतून. त्यांची नावे 'गंगा', 'किवी' आणि 'एअर इंडिया' अशी होती. हरिद्वार, हृषीकेश मागे टाकून ह्या नावा नंदप्रयागाच्या परिसरापर्यंत चढल्या, आणि तेथे धबधब्याने त्यांची वाट अडविली. हेच हिलरी पुढे १९८५ ते १९८९ ह्या काळात न्यूझीलंडचे उच्चायुक्त म्हणून आपल्या दिल्लीत राहिले. तेव्हा ही नाव अगदीच परकी मानू नये.

परंतु जी रचना सोयीची, तिचेच काही दोष असतात. तळातून पाणी ओढायचे म्हणजे पाण्याबरोबर वाळू, शेवाळ, दोरखंडाचे तुकडे आणि अलीकडे विपुल झालेल्या प्लास्टिकच्या पिशव्याही ओढल्या जाणार. जाळी तुंबली की इंजिन जोरात घुमते, पण नाव रेटा घेत नाही. वाळूने पंख्याची कड व त्याभोवतालचे कडे झिजले की दोहोंमधील फट वाढते आणि जोर कमी होतो. पुष्कळ नावांत इंजिन थंड ठेवणारे पाणीही ह्याच मार्गाने येते; ते अडले तर इंजिन तापते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे झोत थांबला की दिशा देणेही थांबते. मोटारीचे इंजिन बंद पडले तर निदान चाक वळविता येते. येथे तेही नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची एक वेगवान नाव नियंत्रण सुटून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' ह्या प्रवासी नावेवर आदळली आणि पंधरा जणांनी प्राण गमावले. त्या नावेची जात कोणती हा प्रश्न येथे गौण आहे. पाण्यावर इंजिन बिघडते तेव्हा रस्त्याच्या कडेला थांबण्याची सोय नसते, एवढेच ध्यानात घ्यावे.

आता भाच्याची हकीकत. सप्टेंबरच्या अखेरीस नाव आली. ठरल्या तासांनंतर, नोव्हेंबरात, विक्रेत्याच्याच कार्यशाळेत पहिली सर्व्हिसिंग झाली. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ऐन डिसेंबरात, भर समुद्रात इंजिन तापल्याची सूचक घंटा वाजली आणि यंत्राने स्वतःच आपला वेग कमी करून घेतला. प्रवासी सुखरूप परतले. नाव कार्यशाळेत गेली. नाताळ गेला, नववर्ष गेले. कोकणच्या किनाऱ्यावर वर्षाची निम्मी कमाई ज्या पंधरवड्यात होते, तो कोरडा गेला. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतच राहिला. जानेवारीच्या आरंभी विक्रेत्याचे उत्तर आले: "वाळू आत गेल्यामुळे इंजिन तापले. हा वापरातील दोष आहे. हमीपत्रात बसत नाही."

बंधुभगिनींनो, हे उत्तर आपणांपैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकले आहे. शीतकपाटाच्या बाबतीत "व्होल्टेज कमीजास्त झाले", धुलाईयंत्राच्या बाबतीत "पाणी खारे आहे", मोटारीच्या बाबतीत "भेसळीचे पेट्रोल भरले". ह्या सबबी नेहमीच खोट्या असतात असे नाही. खारे पाणी असते, वाळूही असते. इंधनाचेच घ्या: २०२५ पर्यंत आपल्याकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण गाठले गेले, आणि नावांच्या इंजिनांच्या पुस्तिकांमध्ये बहुधा दहा टक्क्यांपर्यंतचेच इंधन वापरावे असे छापलेले असते. इथेनॉल पाणी शोषून घेते, म्हणून नावेत ही गोष्ट अधिकच नाजूक. तेव्हा सबब ऐकून संतापणे हा उपाय नव्हे. ती खरी की खोटी हे ठरविण्याचे साधन आपल्या हाती आहे काय, एवढाच प्रश्न विचारावा.

भाच्याच्या हाती ते होते. पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी त्याने जॉब कार्डाची प्रत मागून घेतली होती. त्यावर विक्रेत्याच्याच माणसाच्या अक्षरात नोंद होती: "कूलंट कमी आढळले, भरून दिले." कूलंट म्हणजे इंजिनाच्या बंदिस्त नळ्यांतून खेळणारे शीतक द्रव्य, समुद्राच्या पाण्याशी त्याची सरमिसळ व्हायची नसते आणि ते आपोआप कमी व्हायचे नसते. त्याने एका स्वतंत्र सागरी अभियंत्याकडून नाव तपासून घेतली. पंख्याची कड शाबूत, जाळी स्वच्छ, समुद्राचे पाणी फिरते त्या बाजूस वाळूचा मागमूस नाही; परंतु शीतकाच्या बंदिस्त मार्गावर दाब दिला असता तो टिकेना. आत कोठेतरी गळती होती. इंजिन तापल्यामुळे गॅस्केट उडाले आणि गळती झाली, असे म्हणायलाही विक्रेत्याला वाव होता. पण तारखा आड आल्या. शीतक कमी असल्याची नोंद नोव्हेंबरातली, तापण्याची पहिली घंटा डिसेंबरातली. इंजिनाच्या संगणकातही त्याआधी तापल्याची नोंद नव्हती. म्हणजे गळती आधी, ताप नंतर. जे आधी घडले ते नंतरच्याचे कार्य असू शकत नाही, एवढे तर्कशास्त्र आम्हां कलाशाखेच्या मंडळींनाही ठाऊक असते.

हा अहवाल व जॉब कार्डाची प्रत जोडून विक्रेता आणि उत्पादक ह्या दोघांनाही नोंदणीकृत टपालाने पत्र गेले. एप्रिलमध्ये इंजिन बदलून मिळाले. बुडालेल्या हंगामाची भरपाई मात्र नाकारली गेली, आणि तेवढ्यापुरती तक्रार जिल्हा आयोगापुढे विचाराधीन आहे. निकाल काय लागेल ते सांगण्याचा अधिकार मला नाही. पण त्या तक्रारीतून उभे राहणारे कायद्याचे दोन प्रश्न आपणां सर्वांच्या उपयोगाचे आहेत.

पहिला प्रश्न, व्यवसायासाठी वस्तू घेणारा माणूस 'ग्राहक' ठरतो काय? ह्याचे उत्तर एका मराठी उद्योजकाच्या प्रकरणातून मिळाले आहे. 'लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स' ह्या महाराष्ट्रातील लघुउद्योगाने संगणक-नियंत्रित यंत्र मागविले. ते उशिरा आले आणि सदोष निघाले अशी त्याची तक्रार होती. राज्य आयोगाने भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती रद्द केली, आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानेही उद्योजकाचे अपील फेटाळले. परंतु फेटाळताना न्यायालयाने जी कसोटी घालून दिली, ती लहान माणसाला तारणारी आहे. नफ्यासाठी मोठ्या प्रमाणावर धंदा चालविणारा ग्राहक नव्हे. पण स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी जो यंत्र घेतो आणि स्वतः चालवितो, तो ग्राहकच. टॅक्सी घेऊन स्वतः चालविणारा ग्राहक. तीच टॅक्सी केवळ दुसऱ्याकडून चालवून घेणारा ग्राहक नव्हे. मदतीला एकदोन माणसे ठेवली म्हणून हक्क जात नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही हे स्पष्टीकरण कायम आहे. माझा भाचा नाव स्वतः हाकतो. दोर धरायला एक पोरगा आहे. त्याची सारी भिस्त ह्या कसोटीवर आहे.

दुसरा प्रश्न, नुसती दुरुस्ती की पूर्ण वस्तू बदलून? येथे आपल्या अपेक्षा आणि कायदा ह्यांत अंतर आहे. १९३० चा मालविक्री कायदा 'शर्त' आणि 'हमी' असा भेद करतो. शर्त मोडली तर माल नाकारता येतो. हमी मोडली तर भरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. नव्या मोटारीच्या क्लचमधील दोषाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली असे सांगितले, की भाग बदलून दोष निघत असेल तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश उचित नव्हे. म्हणून "सबंध वस्तूच बदलून द्या" ह्या एकाच मागणीवर अडून बसू नये. भाग बदलणे, बदललेल्या भागाची नवी हमी, वस्तू बंद राहिली त्या काळाइतकी मुदतवाढ आणि झालेल्या नुकसानीची भरपाई, अशा पायऱ्यांनी मागणी करावी.

आणखी एक धडा गोव्याच्या एका प्रकरणातून मिळतो. २००९ साली बनलेली मोटार २०११ मध्ये नवी म्हणून विकली गेली, अशी तेथील ग्राहकाची तक्रार होती. खालच्या आयोगांनी उत्पादक व विक्रेता दोघांनाही जबाबदार धरले. परंतु २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाला मोकळे केले, कारण विक्रेत्याच्या त्या कृत्यात उत्पादकाचा सहभाग सिद्ध झाला नव्हता. तात्पर्य, मोठ्या नावाची पाटी पाहून आपण दुकानात शिरतो, पण करार बहुधा दुकानदाराशी होतो. पत्र दोघांनाही लिहावे, आणि कोणाकडून कशासाठी दाद मागतो ते वेगळे मांडावे. नावेच्या बाबतीत तर सांगाडा एकाचा, इंजिन दुसऱ्याचे, झोताचा पंप तिसऱ्याचा, आणि हमीपत्रे तीन असू शकतात. घरगुती वापराला एक मुदत आणि भाड्याच्या वापराला दुसरी, हा भेदही बारीक अक्षरात असतो. भाच्याने दरपत्रकावरच 'प्रवासी वाहतुकीसाठी' असे लिहून घेतले होते, म्हणून तो वाद उद्भवला नाही.

आता एक गोष्ट माझ्या कचेरीच्या अनुभवातली. सरकार एखादे यंत्र घेते तेव्हा पुरवठादाराकडून कार्यपूर्तीची अनामत घेऊन ठेवते, आणि २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणे ती हमीच्या जबाबदारीसह सर्व कराराची पूर्तता झाल्यानंतरही साठ दिवस वैध असावी लागते. म्हणजे हमी संपेपर्यंत पुरवठादाराची शेंडी सरकारच्या हाती असते. गृहस्थाचे उलट आहे. तो खोके उघडण्यापूर्वीच पूर्ण किंमत मोजून मोकळा होतो. त्याच्या हाती अनामत नसते. म्हणून त्याची अनामत म्हणजे समोरच्याने लिहिलेला, तारखेचा आणि सहीचा कागद. आपण लिहिलेल्या दहा तक्रारींपेक्षा त्याच्या माणसाने लिहिलेली एक ओळ अधिक वजनदार ठरते. यंत्र दुरुस्तीला देताना "असू द्या, नंतर नेऊ" असे न म्हणता जॉब कार्ड तेथल्या तेथे घ्यावे. दोषाचे वर्णन आपल्या शब्दांत त्यावर लिहवून घ्यावे. जुना भाग काढला तर त्याची नोंद व छायाचित्र ठेवावे. दूरध्वनीवर जे ठरले ते त्याच दिवशी पत्राने कळवावे. आणि वाद निर्माण झाल्यावर स्वतंत्र तज्ज्ञाने पाहण्यापूर्वी यंत्र खोलू देऊ नये, कारण एकदा खोलले की पुरावा नाहीसा होतो.

आपल्यासारख्या, घरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांना २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय दिली आहे. हा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याप्रमाणे तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते. वस्तू रत्नागिरीला घेतली आणि आपण नोएडाला राहतो, तर खेटे घालायला रत्नागिरीला जाण्याची सक्ती नाही. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, आणि त्यावर आपल्या आयएनए भागातील उपभोक्ता न्याय भवनात बसणारा राष्ट्रीय आयोग. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. तक्रारीपूर्वी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. वकील देण्याची सक्ती नाही. नीट लावलेले कागद आणि तारखांची एक पानी यादी पुष्कळदा पुरेशी होते.

ह्या हक्कांमागे मराठी माणसांचेही श्रम आहेत, ह्याचा आपण अभिमान बाळगावा. संसदेने १९८६ साली पहिला ग्राहक संरक्षण कायदा केला, त्याच्या आधी एक तपभर, १९७४ साली, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. एकट्या ग्राहकाचा आवाज दुकानाच्या काचेबाहेर पोचत नाही. दहा घरे एकत्र आली की तो पोचतो, हा त्यांचा साधा विचार होता. माझ्या मते मंडळ ह्या संस्थेचे मर्मही तेच आहे. गणेशोत्सवासाठी आपण एकत्र येतो, हळदीकुंकवासाठी येतो. मग कोणाच्या घरचे यंत्र, कोणाच्या सोसायटीची लिफ्ट, कोणाच्या गावाकडच्या भावाची नाव अडली असता, त्याचे कागद वाचून देण्यासाठी का येऊ नये? आपल्यांत निवृत्त अभियंते आहेत, वकील आहेत, लेखापाल आहेत. महिन्यातून एक सायंकाळ मंडळाच्या सभागृहात ते बसले, तर पुष्कळांचा अर्धा त्रास तेथेच संपेल. सुवर्णमहोत्सवी वर्षात कार्यकारिणीने ह्या सूचनेचा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे. पहिल्या सायंकाळी टेबलाशी बसण्यास मी तयार आहे.

व्यापारी सारे लबाड आणि ग्राहक सारे साधे, असे मी म्हणत नाही. यंत्र माणसाने बनविलेले असते, ते चुकणार. दुरुस्त करून देणारा व्यापारी आपल्याला हवाच आहे, आणि सरळ वागणाऱ्याचे नाव चार लोकांत सांगणे हेही आपले कर्तव्य आहे. परंतु ज्याच्या यंत्रावर घर चालते, त्याला सबबींवर जगता येत नाही.